मराठी मंडळीने काय गावे आणि कोणी लिहावे

महाराष्ट्रातील मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समुदायांमध्ये, रविवारच्या उपासनेतील गाण्यांवरून जो वाद गेली काही वर्षे धुमसतो आहे, तो वरवर पाहता दोन पिढ्यांमधला वाटतो. एकीकडे ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक, पेटी, तबला आणि झांज. दुसरीकडे कीबोर्ड, ड्रम सेट, बास गिटार, पडद्यावर उमटणारे शब्द आणि माइक हातात घेऊन डोळे मिटून गाणारा वर्शिप लीडर. ज्येष्ठांचे म्हणणे असे की मंदिराचा ऑर्केस्ट्रा झाला. तरुण संघाचे म्हणणे असे की पुस्तकातली गीते रटाळ लागतात आणि एकदा आलेला मित्र दुसऱ्या रविवारी येत नाही. मग पाळकसाहेब तडजोड काढतात. सुरुवातीची वीस मिनिटे नवी गाणी आणि त्यानंतर पुस्तकातील तीन गीते, किंवा जिथे माणसे पुरेशी आहेत तिथे सकाळची उपासना ज्येष्ठांची आणि संध्याकाळची तरुणांची. भांडण मिटते, मंडळ्या मात्र दोन होतात.

जुने आणि नवे अशी ही वाटणीच मला फसवी वाटते. मराठी मंडळीचे नुकसान ड्रम सेट आल्यामुळे झालेले नाही. मराठीत उपासनेची गीते लिहिण्याचे काम जवळजवळ थांबले, गीतपुस्तक मिटलेल्या दप्तरासारखे झाले, आणि त्या रिकाम्या जागेत जे सहज मिळत होते ते येऊन बसले. त्यामुळे नव्या गाण्यांवर राग काढणाऱ्या ज्येष्ठांनी आधी स्वतःला हे विचारायला हवे की आपण ज्याला परंपरा म्हणतो ती कशी तयार झाली होती.

ही परंपरा एक नाही, दोन आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली अहमदनगरला त्यांचे ठाणे पडले. त्यांनी सोबत आणलेली गीते मराठीत उतरवली. अहमदनगरच्या हेन्री बॅलेंटाइन यांचे नाव या कामात आदराने घेतले जाते. चाल मूळची ठेवायची आणि तिच्यात मराठी शब्द बसवायचे, अशी ही पद्धत होती. इंग्रजी गीताचा तोल आघातावर असतो, मराठी पद्याचा ऱ्हस्वदीर्घावर. त्यामुळे या भाषांतरित गीतांमध्ये नको त्या अक्षरावर सूर लांबतो, एखाद्या अव्ययावर चालीचा कळस येतो आणि मुख्य शब्द घाईत निघून जातो. लहानपणापासून तीच गीते गात आलेल्या माणसाला हे जाणवत नाही, कारण सवयीने कान तयार झालेला असतो. परंतु पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी माणसाला ही गीते परकी वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही.

दुसरी परंपरा देशी चालींची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले, पदे आणि भजने रचली जाऊ लागली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या गीतकाराने तन, मन, धन देवाला वाहण्याचे जे गीत लिहिले, ते पुढे इंग्रजीत जाऊन देशी चालीसह परदेशातील गीतसंग्रहांत छापले गेले. मग नारायण वामन टिळक आले. शाळेच्या पुस्तकांतून ‘केवढे हे क्रौर्य’ वाचलेल्या मराठी वाचकाला टिळक ठाऊक असतात, पण 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतरच्या चोवीस वर्षांत त्यांनी मंडळीसाठी जे लिहिले त्याची व्याप्ती मंडळीबाहेर फारशी कोणाला माहीत नाही. अभंग, पदे, भजने, बालगीते आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य असा हा पसारा आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणाने सांगत, आणि त्यांच्या अभंगांत तो पूल पावलोपावली दिसतो. स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकोल यांनी इंग्रजीत नेलेली त्यांची गीते स्कॉटलंडच्या गीतपुस्तकापर्यंत पोहोचली. ज्या मंडळीला इंग्रजी चाली उसन्या घ्याव्या लागत होत्या, तिने काही दशकांत इंग्रजी मंडळ्यांना गीते दिली, ही लहान गोष्ट नाही.

टिळकांचे हे काम त्यांच्या काळात नवे होते. ज्या पिढीला ऑर्गनच्या साथीने उभे राहून गायलेले गीत हीच ख्रिस्ती उपासना वाटत होती, तिच्यापुढे टाळ आणि अभंग येणे म्हणजे सोडून आलेले जग मागच्या दाराने परत येणे होते. आज जे ज्येष्ठ भजनाला परंपरा म्हणून कवटाळतात, ते त्या काळी असते तर बहुधा भजनाच्या विरोधात उभे राहिले असते.

हे केवळ आपल्याकडचे नाही. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉट्स यांनी 1707 साली आपला गीतसंग्रह छापला, तेव्हा अनेक मंडळ्यांमध्ये पवित्र शास्त्रातील स्तोत्रांखेरीज माणसाने रचलेले काही गाणे हेच धाडस समजले जात होते. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाद्याशिवाय गाण्याचा दंडक होता. 1860च्या दशकात एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये रॉबर्ट ली यांनी हार्मोनियम आणली, तेव्हा त्यावरून चर्चच्या सभांमध्ये वाद झडले. आणि ज्या पेटीला आज आपण गिटारच्या विरोधात भारतीय म्हणून उभे करतो, ती पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबाँ यांनी 1842 साली पेटंट घेतलेल्या वाद्याची धाकटी बहीण आहे. आकाशवाणीने 1940 ते 1971 अशी तीन दशके ती परकी आणि आपल्या श्रुतींना न मानवणारी म्हणून प्रक्षेपणाबाहेर ठेवली होती. गिटार पाश्चात्त्य आहे हा आक्षेप पेटीसमोर बसून घेणे थोडे गमतीचे आहे.

देशी परंपरेबद्दलही एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती सहसा टाळली जाते. अहमदनगर, जालना, औरंगाबाद या पट्ट्यातील मराठी मंडळीचा मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आला. त्यांच्याकडे स्वतःचे संगीत होते: एकतारीवरची भजने, हलगी, जात्यावरच्या ओव्या. गीतपुस्तकात मात्र जे छापले गेले, त्याची भाषा बरीचशी शिकलेल्या, संस्कृतप्रचुर मराठीची आहे. टिळकांचे श्रेष्ठत्व मान्य करूनही हे म्हणता येते की त्यांच्या काही गीतांतील समास खेड्यातील मंडळीला घरचे कधी वाटले नाहीत. गावोगावी महिलांनी जोडलेल्या ओव्या आणि हलगीवर म्हटलेली ख्रिस्तजन्माची गाणी पुस्तकाच्या बाहेर राहिली आणि बरीचशी म्हणणाऱ्यांबरोबर गेली. तेव्हा आजचा एखादा तरुण गीतपुस्तक आपले वाटत नाही म्हणतो, त्यामागे नेहमीच मोबाइलचे वेड असते असे नाही.

नव्या गाण्यांवरचे दोन नेहमीचे आक्षेप मला टिकणारे वाटत नाहीत. पहिला आक्षेप भावनावशतेचा: रडणे, हात उंचावणे, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे हे अमेरिकेतून आले आहे आणि आपल्या शांत उपासनेला शोभत नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे संजीवन, म्हणजे धार्मिक जागृतीची लाट, झाले, त्यात मुली आणि स्त्रिया तासन्‌तास रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करत, गात होत्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील ज्या सभांना पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीचे उगमस्थान म्हणतात, त्या त्यानंतर, 1906 साली सुरू झाल्या. म्हणजे भावनेच्या उधाणाचा इतिहास लिहायचा तर त्यात पुणे जिल्ह्यातील एका गावाला कॅलिफोर्नियाच्या आधी जागा द्यावी लागेल. त्या संजीवनाविषयी कोणाचे मत काहीही असो, ते आयात केलेले होते असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप पुनरुक्तीचा. एकच ओळ वीस वेळा म्हणायची, यात अर्थ काय, असे विचारले जाते. विचारणारे बऱ्याचदा भजनाचे चाहते असतात, आणि भजनात ध्रुवपद किती वेळा येते हे ते विसरतात. एकाने ओळ म्हणायची आणि सर्वांनी ती उचलायची, ही रचना ज्यांना वाचता येत नव्हते अशा माणसांसाठी घडली आणि म्हणूनच टिकली. पुनरुक्तीत दोष नाही. कोणती ओळ पुन्हा पुन्हा म्हटली जाते, आणि ती म्हणताना कोण गातो आहे, हे पाहायला हवे.

नव्या पद्धतीविरुद्धची माझी तक्रार खरी तर इथून सुरू होते. जुने गीत, भाषांतरित असो वा देशी, कडव्यांचे असते. एका कडव्याची चाल आली की बाकीची चार आपोआप येतात. सूरांचा पल्ला साधारण एका सप्तकाच्या आसपास राहतो. कच्च्या गळ्याची माणसेही त्यात सामावतात. आजची बहुतेक गाणी मुळात ध्वनिमुद्रणासाठी, एका कसलेल्या गळ्यासाठी रचलेली असतात. पहिले कडवे खालच्या सुरात, मग चढत जाणारा मधला भाग, मग ध्रुवपद, आणि शेवटी ‘ब्रिज’ नावाचा वेगळ्याच चालीचा तुकडा; एकूण पल्ला दीड सप्तकाचा. शब्द तालाच्या पुढेमागे सरकून येतात, ते गायकाला शोभतात, पण शंभर माणसांना एकत्र धरता येत नाहीत. स्वर तरुण पुरुष गायकाच्या सोयीने धरलेला असतो, म्हणून महिला मंडळाला तो धड खाली जमत नाही की वर. त्यातून स्पीकरचा आवाज इतका की शेजारचा माणूस गातो आहे की नाही हे कळत नाही, आणि आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसला की माणूस हळूहळू गाणे सोडून देतो. तिसऱ्या ओळीपासून मागच्या बाकांवर नजर टाकली तर ओठ हलणे थांबलेले दिसते. टाळ्या वाजतात, हात वर जातात, परंतु मंडळी गात नसते, ऐकत असते.

पौलाने इफिसकरांना लिहिले ते स्तोत्रे, गीते आणि आध्यात्मिक प्रबंध एकमेकांशी बोलण्याविषयी होते. एकमेकांशी बोलायचे तर एकमेकांचा आवाज ऐकू यायला हवा. हा आक्षेप वाद्यांच्या जातीवर नाही. जुन्या चर्चमध्ये चार भागांत गाणाऱ्या पढीक कॉयरने मंडळीला गप्प बसवले असेल, तर तोच आक्षेप त्या कॉयरवरही लागू होतो.

दुसरी तक्रार आशयाची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी एक-तृतीयांशाहून कमी नाहीत इतकी विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आले तेही बाविसाव्या स्तोत्रातील, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे वाक्य. या मोजमापाने पाहिले तर आज गायली जाणारी नवी गाणी एकाच मनःस्थितीत अडकलेली आहेत: विजय, आशीर्वाद, सामर्थ्य, तू महान, मी मुक्त. विदर्भात अलायन्स आणि नाझरीन या प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्यांची गावे आहेत, जिथे कापसाने दगा दिलेल्या घरातून माणूस रविवारी उपासनेला येतो. नोकरी गेलेली, आजारपण आलेले, मूल गमावलेले घर प्रत्येक मंडळीत असते. त्यांच्या तोंडी देण्यासाठी नव्या गाण्यांकडे जवळजवळ काही नाही. टिळकांकडे आहे, त्यांच्या गीतांत स्वतःच्या अपात्रतेची, शिष्य म्हणून कमी पडण्याची कबुली वारंवार येते, आणि ती तुकारामाच्या घराण्यातली आहे. अंत्यविधीच्या वेळी कितीही आधुनिक मंडळी असली तरी ती गीतपुस्तक उघडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. कबरस्तानात प्रोजेक्टर नसतो हे त्याचे एक कारण असेल, पण एकमेव नसावे.

तिसरी गोष्ट भाषेची. मुंबई-पुण्यातील मराठी मंडळ्यांमध्ये आता गायल्या जाणाऱ्या गाण्यांत हिंदी आणि इंग्रजी गाण्यांचा भरणा आहे, आणि जी मराठी आहेत त्यांतली अनेक हिंदीवरून किंवा इंग्रजीवरून उतरवलेली आहेत. म्हणजे बॅलेंटाइनच्या काळी होते तिथेच आपण पुन्हा येऊन उभे आहोत: चाल दुसऱ्याची, शब्द तिच्यात कोंबलेले. फरक इतकाच की तेव्हाचे भाषांतरकार मराठी शिकण्यासाठी आयुष्य घालवत होते. यामागचे अर्थकारणही समजून घ्यायला हवे. अमेरिका-ऑस्ट्रेलियातील हिलसाँग, बेथेल, एलिव्हेशन अशा मोजक्या मोठ्या मंडळ्यांतून निघालेली गाणी परवान्याच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यवस्थेतून जगभर पोहोचतात, आणि हिंदी ख्रिस्ती गाण्यांना यूट्यूबवर देशभराचा श्रोता मिळतो. 2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10.8 लाख, राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी, आणि त्यांतल्याही अनेकांची मातृभाषा मराठी नाही. इतक्या लहान समाजासाठी मराठी उपासनागीते बाजार तयार करणार नाही. ती मंडळीनेच तयार करावी लागतील, जशी टिळकांच्या वेळी केली होती.

त्यात शहरातील मुले इंग्रजी माध्यमात शिकलेली. त्यांना मराठी बोलता येते, देवनागरी मात्र अडखळत वाचावी लागते. म्हणून पडद्यावर मराठी गाणी रोमन लिपीत टाकली जातात. ज्येष्ठांना याचा संताप येतो. मला येत नाही. रोमन लिपीत का होईना, मराठी गाणारा मुलगा मराठीत उरतो. देवनागरीच्या आग्रहापायी त्याला हिंदी किंवा इंग्रजी गाण्याकडे ढकलणे हा तोट्याचा सौदा आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापले गेले तेही रोमन लिपीत, कारण छपाईसाठी देवनागरी टाइप हाताशी नव्हते. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ गोव्यातील लोक देवळांतून ऐकत आणि गात राहिले, ते त्यातील मराठीसाठी.

कॅथलिक मंडळीचा अनुभव इथे उपयोगी पडू शकतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये उपासनाविधीवरचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात ग्रेगरियन गायनाला मानाची जागा ठेवलीच, पण त्याच दस्तऐवजात लोकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला आणि मिशनच्या देशांतील संगीतपरंपरांना स्थान देण्यास सांगितले. वसईत लॅटिनची जागा मराठीने घेतली. गोव्यात धर्मप्रांताने ‘गायनांचो झेलो’ हा कोंकणी गीतसंग्रह अधिकृतपणे चालवला आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील जुनी मोटेट, म्हणजे अनेक आवाजांत गायची धर्मगीतेही, जिवंत राहिली. वसईच्या मराठी गीतांचा दर्जा सारखा नाही, काही फारच गोड-गोड आहेत, परंतु तिथे कोणीतरी जबाबदारी घेऊन गीते मागवली, तपासली आणि छापली. प्रोटेस्टंट बाजूला हे काम कोणाचे, याचेच उत्तर नाही. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अनेक परंपरांच्या मंडळ्या एका छताखाली आल्या. मराठी गीतांसाठी एक कायमची समिती नेमणे तिच्या धर्मप्रांतांना अवघड नसावे.

ज्येष्ठांकडून येणारे उत्तर मला ठाऊक आहे: टिळकांसारखा कवी आता कुठून आणायचा? टिळक आणता येत नाहीत. पण टिळकांच्या आधीही साध्या कुवतीच्या गीतकारांची एक रांग होती, तिने मंडळीला मराठी गायची सवय लावली आणि मग टिळकांना तयार कान मिळाले. महान कवीची वाट पाहत पुस्तक मिटून ठेवणे ही आळसाला दिलेली सभ्य सबब आहे. तरुणांचे उत्तर वेगळे असते. जुन्या चालीत लिहिले तर मुले निघून जातील, असे ते म्हणतात. जुन्या चालीत लिहा असे कोणी सांगत नाही. गिटारवर लिहा, पण पेटीवरही निभावेल असे लिहा. खेड्यातल्या घरसभेत वीज गेली तरी गाता येईल, आणि चाळीस आवाजांना सप्तकाबाहेर न जाता एकत्र राहता येईल, इतके बंधन स्वीकारा. ज्या मुलांना चार स्वरमेळ बसवता येतात आणि रात्री जागून ताल बसवण्याची हौस आहे, त्यांना आजवर कोणी मराठी गीत लिहायला सांगितलेच नाही. त्यांच्याकडून फक्त आवाज कमी ठेवण्याची अपेक्षा केली गेली.

सुरुवात शुभ शुक्रवारापासून, म्हणजे गुड फ्रायडेपासून, करता येईल. त्या दिवशी नव्या गाण्यांची शिदोरी रिकामी असते आणि तीन तासांच्या उपासनेत वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात मनने होतात. एखाद्या धर्मप्रांताने एका वर्षी हे सात उद्गार सात जणांना वाटून द्यावेत: दोन तरुण संघातले, दोन महिला मंडळातल्या, एखादे पाळक, एखादे शाळामास्तर आणि एखादा हलगीवाला. नाताळापर्यंत गीते मागवावीत, उपवासकाळात मंडळ्यांमध्ये पेटीवर आणि गिटारवर दोन्हीकडे गाऊन पाहावीत, जी उचलली जात नाहीत ती निःसंकोच टाकावीत, आणि जी एक-दोन उरतील ती पुढच्या आवृत्तीत टिळकांच्या गीतांशेजारी, लिहिणाऱ्याचे नाव घालून छापावीत.